चिंगी काही करत नाही

कुत्रं पाळणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य कायमचं मुक्कामाला असतं: "काही करत नाही हो ती." म्हणजे आजपर्यंत काही केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रफुल्ल मेश्रामने हे वाक्य टपालवाल्याला सांगितलं होतं, घर तापवणारी फर्नेस तपासायला येणाऱ्याला सांगितलं होतं, शेजारच्या चिनी आजींना तर खाणाखुणा करून सांगितलं होतं, आणि दर वेळी ते खरं निघालं होतं. चिंगी होतीच तशी गुणाची. अर्धी हस्की, उरलेली अर्धी कोण जाणे काय. शेल्टरमधून आणली तेव्हा सोफ्याखालून बाहेर यायला तिला आठवडा लागला होता. एका रविवारी मात्र हे वाक्य खोटं पडलं, आणि पडावं तेही सूर्यकांतदादा वासनिकांच्या, त्याच्या मानलेल्या थोरल्या भावाच्या बाबतीत.

ऑन्टारियोतल्या कनाटा या उपनगरातली नागपूर-अमरावतीकडची आंबेडकरी मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बुद्धवंदनेला जमतात. त्या रविवारी पाळी प्रफुल्लची होती. पांढऱ्या कपड्यांनी दिवाणखाना भरला होता, प्रफुल्लची बायको मैत्रेयी खिरीत वेलची घालत होती आणि वॉशरूमपुढे रांग लागली होती. चिंगीला खाली बेसमेंटमध्ये ठेवलं होतं. तिचा कान दुखत होता. जनावरांच्या डॉक्टरने थेंब दिले होते आणि कानाला कुणाला हात लावू देऊ नका, असं बजावलं होतं. प्रफुल्लला हे पक्कं ठाऊक होतं. तरी दादांनी रांगेकडे बघून "खालचं वॉशरूम वापरू का रे?" असं विचारलं, तेव्हा खुर्च्या मांडता मांडता तो म्हणाला, "जा ना दादा. चिंगी आहे खाली, पण ती तुम्हाला काही करत नाही."

दादांचा आणि तिचा जुना दोस्ताना. ती शेपूट हलवत आली आणि दादांनी नेहमीसारखं तिला कानामागे खाजवलं. एक केकाटणं ऐकू आलं, पाठोपाठ दादांची हाक. प्रफुल्ल धावला तेव्हा दादा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उजवा हात धरून बसले होते. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त होतं आणि चिंगी कोपऱ्यात भिंतीला चिकटून थरथरत होती. यात कुत्रीची चूक किती, दादांची किती आणि प्रफुल्लची किती, याचा खल पुढे इन्शुरन्सवाल्यांनी केला. प्रफुल्लने तो तिथे जिन्यावरच करून टाकला होता.

हॉस्पिटलच्या दारात दादा म्हणाले, "तू गाडी लावून ये, मी होतो पुढे." प्रफुल्ल गेला पार्किंग शोधायला. दादा कधी मदतीशिवाय पुढे होत नाहीत, विशेषतः इंग्रजी बोलायचं असेल तिथे, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण तो गेला, आणि तेवढ्या वेळात दादांनी आपला कारभार उरकून घेतला. नर्सने विचारलं, कुणाचा कुत्रा? दादा म्हणाले, कुणाचाच नाही. मागच्या झाडीतल्या पायवाटेवर, ट्रेलवर फिरत होतो, मोकाट होता.

"मोकाट? कनाटामध्ये?" नर्सचा विश्वास बसेना. इथे कुत्रं एकटं दिसलं तरी तासाभरात त्याचा फोटो शेजारपाजारच्या सगळ्यांच्या फोनवर येतो. पण दादांचं अख्खं बालपण नागपूरच्या गल्लीत गेलेलं. त्यांनी त्या कुत्र्याचा तांबूस रंग, फाटका कान, लंगडा पाय असं काही हुबेहूब वर्णन केलं की तिने मुकाट्याने लिहून घेतलं. दादांनी ऐकलं होतं की इथे कुत्रा चावला तर पोलीस त्याला नेऊन मारतात आणि मालकाच्या घरावर टाच आणतात. कुठे ऐकलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. प्रफुल्लचं घर आणि त्याची कुत्री आपल्यापायी जाऊ नये, एवढाच त्यांचा हिशोब होता.

आता कुत्रा अनोळखी म्हटल्यावर डॉक्टरांना रेबीजची शक्यता धरावीच लागली. जखमेतच सुया टोचल्या, आणि पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा दिल्या. बाहेर येऊन दादा म्हणाले, "टाके घातले. मुंगी चावल्यागत." प्रफुल्लने विश्वास ठेवला. ठेवायला सोपं होतं ना!

पुढचे काही दिवस फोनवर दादांचं एकच पालुपद, बरं आहे, बरं आहे. मग एका दुपारी दादांच्या बायकोचा, रमावहिनींचा फोन आला. आवाज दबका, म्हणजे दादा झोपले होते.

"प्रफुल्ल, तुझ्या कुत्रीले रोगाचं इंजेक्शन दिलं नाही का रे?"

"दिलंय की वहिनी. दर वर्षी देतो."

"मंग ह्यायले काहून देऊन राहिले?"

मग सगळं बाहेर आलं. ट्रेलवरचा तो तांबूस कुत्रा, टोचलेल्या सुया, रात्रीचा ताप. आणि मुख्य म्हणजे बोट. उजव्या हाताच्या तर्जनीचा स्नायुबंध तुटला होता. तो शिवला, पण बोट वळत नव्हतं. दादा एका टेलिकॉम कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काचेचे तंतू जोडायचं काम करतात. केसाहून बारीक तंतू, भिंगाखाली धरून. बोट वळलं नाही तर काम नाही, आणि काम नाही तर पगार नाही. थेरपीही पदरमोड करून चालली होती.

"मी सांगतलं म्हणू नको," वहिनी म्हणाल्या. "जीव गेला तरी बोलायचे नाही ते."

प्रफुल्लला स्वतःची शरम वाटली. त्याने लागलीच नंदूला फोन लावला. नंदू हा त्याचा इन्शुरन्स ब्रोकर, मूळचा सोलापूरचा, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा.

"घराच्या पॉलिसीत लायबिलिटी आहे तुझ्या, म्हणजे तुझ्यामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई कंपनीची," नंदू म्हणाला. "कुत्रीचं नाव आपण घातलंय, म्हणजे कव्हर आहे. आणि ऑन्टारियोत कुत्रा चावला की मालक जबाबदार, तुझी चूक सिद्ध करायचीसुद्धा गरज नाही. त्यांचा पगार, थेरपी, सगळं कंपनीकडून मागता येईल. फक्त मागायचं त्यांनी. तुझ्याविरुद्ध. तू परस्पर पाकीटबिकीट नेऊन देऊ नकोस, घरच्या घरी मिटवलं की कंपनी हात वर करते."

"ते माझ्याविरुद्ध मागणार नाहीत रे."

"मग विषय संपला. कागदावर तुझी कुत्री कुणालाच चावलेली नाही. खरं सांगू? प्रीमियम वाढेल, उद्या कंपनी कुत्रीसकट तुला नको म्हणेल. तुझं तू बघ."

फोन ठेवल्यावर प्रफुल्लला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. माणूस आहे शेवटी. दादांनी आपणहून झाकलंय, आपण उघडणारे कोण, असा एक साळसूद विचार येऊन त्याच्या शेजारी बसला. मैत्रेयीने त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पुढच्या वंदनेला दादाच पंचशील म्हणवून घेतील ना? 'मुसावादा वेरमणी' म्हणताना त्यांच्या मनात काय होईल रे?" खोटं बोलणार नाही, असं दर महिन्याला सगळ्यांकडून खड्या आवाजात वदवून घेणारा माणूस त्याच्यासाठी खोटं बोलला होता, आणि वर त्या खोट्याच्या सुया टोचून घेत होता. प्रफुल्लने त्याच दिवशी आरोग्य खात्याला फोन करून सांगितलं, कुत्री माझी आहे.

खात्याची बाई आली, चिंगीच्या लसीचे कागद पाहिले, दहा दिवस तिला घरातच ठेवून लक्ष ठेवा म्हणाली. कुत्री कुणी नेली नाही की घरावर टाच आली नाही. दादांची उरलेली इंजेक्शनं थांबली. प्रफुल्लने इन्शुरन्स कंपनीलाही कळवलं. कंपनीच्या बाईने दादांना फोन केला, तर दादांनी "नो क्लेम, थँक यू" म्हणून ठेवून दिला, जशी काही ती व्हॅक्यूम क्लीनर विकत होती. तेव्हा प्रफुल्लने तिच्याकडून दुसरी वेळ ठरवून घेतली आणि त्या वेळेआधी दादांच्या घरी जाऊन बसला.

दादा संतापले होते. "मला खोटं पाडलंस तू. त्या नर्सपुढे."

"खोटं होतंच ते दादा."

"तुझ्यासाठी होतं! आणि आता मी तुझ्यावर दावा लावू? माझे वडील आणि काका एका भिंतीपायी कोर्टात गेले होते. वडील वारले तर काका खांदा द्यायला आले नाहीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, समजलं?"

"पायरी चढाले पाय लागते," वहिनी आतून म्हणाल्या. "ते तर धड आहेत ना तुमचे? हात गेला आहे."

"तू मधात बोलू नको."

"बोलीन. प्रफुल्ल, ऐक. ह्यायले कोर्टाचं भेव नाही. उद्या तू यायचा बंद झाला तर, याचं भेव आहे. दुसरं आहे कोण आम्हाले इथं?"

दादा खिडकीकडे बघत राहिले. कपाकडे हात गेला, बोट आडवं आलं, कप बशीत कलंडला. वहिनींनी फडकं आणलं.

प्रफुल्ल त्यांच्यासमोर खाली गालिच्यावर बसला. "दादा, या देशात मी आलो तेव्हा खिशात काही नव्हतं. तुमच्या बेसमेंटमध्ये आठ महिने राहिलो. वहिनींच्या हातचं जेवलो. भाडं देऊ का विचारलं तर चार दिवस बोलला नाहीत माझ्याशी. देणाऱ्याला काही वाटत नाही दादा, घेणाऱ्याला विचारा. रोज रात्री मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी घेतलं, कारण देणारे तुम्ही होता. आता तुमची पाळी. आणि हे माझ्या खिशातलंसुद्धा नाही. मी दर महिन्याला कंपनीला भरतो, ते अशाच दिवसासाठी."

दादा म्हणाले, "फार बोलायला शिकलास." पण या गुरगुरण्यात राग नव्हता, हे वहिनींनाही कळलं. फोन वाजला तेव्हा त्यांनीच तो स्पीकरवर टाकून दादांच्या पुढ्यात ठेवला.

बाई गोड आवाजाची होती. नाव, पत्ता, कामाचं स्वरूप. मग तिने विचारलं, "मिस्टर मेश्राम यांच्याविरुद्ध तुम्ही क्लेम करत आहात, बरोबर?"

दादांनी प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्लने मान हलवली.

"येस," दादा म्हणाले.

"त्यांचं तुमचं नातं काय?"

"ब्रदर," दादा म्हणाले. अडखळलेसुद्धा नाहीत.

पलीकडे कीबोर्डवरची टकटक थांबली. "तुम्ही एकाच घरात राहता का, सर? एका घरातले असाल तर ही पॉलिसी लागू होत नाही."

प्रफुल्ल कुजबुजला, "नाही म्हणा, दादा. खरंच आहे ते."

"खालची खोली अजून तुझीच म्हणतो आम्ही," दादा मराठीत म्हणाले. "पाहुणे आले तरी सांगतो, प्रफुल्लच्या खोलीत झोपा."

"सॉरी, सर?"

"मॅडम, मी प्रफुल्ल मेश्राम बोलतोय," प्रफुल्ल घाईने म्हणाला. "आम्ही वेगळे राहतो. अकरा वर्षं झाली."

"थँक यू, पण मला हे मिस्टर वासनिक यांच्याकडून ऐकायला हवं."

फडकं हातात घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. दादांनी फोन जवळ ओढला. "नो," ते म्हणाले. "ही इज नॉट फ्रॉम माय हाउस."

गेला आठवडाभर प्रफुल्ल याच उत्तरासाठी धडपडत होता. ते ऐकायला इतकं वाईट असेल, हे त्याला माहीत नव्हतं. बाईने क्लेम नंबर सांगितला, वहिनींनी तो कुठेतरी लिहून घेतला, फोन बंद झाला. "झालं तुझ्या मनासारखं?" असं दादा म्हणाले तेव्हा दोन पोरींचा बाप असलेला प्रफुल्ल त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून मोठ्याने रडला. दादांनी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बाकीची बोटं केसांत वळली, एक सरळच राहिलं.