बसमधली कोंबडी

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला एकच कार्टून आवडतं, आणि ते रोज संध्याकाळी माझ्या नशिबी असतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून मी तिच्या घरी पोचते, तोवर ती सोफ्यावर माझी जागा धरून बसलेली असते. "माऊ, लवकर!" घोटभर पाणी प्यायचीही सोय नाही. मावशीची माऊ तिनेच केली.

कार्टून असं: एका मोडक्या बसमध्ये अस्वलाचं पिल्लू, कासव आणि एक लठ्ठ कोंबडी राहतात. पिल्लू चिखल तुडवत येतं आणि कोंबडी त्याला दारातच अडवते. "थांब! पाय पुसलेस?" "पुसले." "खोटं!" मग एक धाप. "मला ठसे दिसतायत." प्रत्येक भागात हेच. दुसऱ्या कुणाचे कान किटले असते. मी मात्र त्या धापेची वाट बघत बसते, कारण ती कोंबडी म्हणजे माझी ताई.

ताई कार्टूनना आवाज द्यायची. बरीच वर्षं तिच्या वाट्याला फक्त रडणारी बाळं आणि गर्दीतला गलका आला. कोंबडी मिळाली तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. आवाज घुमू नये म्हणून ती घरी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून सराव करायची. मी चेष्टा केली की आतूनच ओरडायची, "तू गप गं!" पोटामुळे तिला एका वाक्यात दम लागायचा. रेकॉर्डिंगवाला ती धाप कापायला निघाला, तर म्हणाली, "राहू दे. लठ्ठ आहे ती, धापा टाकणारच." म्हणजे त्या धापेत दोघी आहेत, ताई आणि तिच्या पोटातली ही.

भाची सव्वा वर्षाची असताना ताई गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. भाचीला आई माहीत आहे ती फोटोतली. कोंबडीचं तिला कुणी सांगितलेलं नाही. "आपणहून विचारेल तेव्हा सांगू," भावोजी म्हणाले होते. "आत्ता सांगितलं तर तिला वाटेल, आई बसमध्ये राहते." त्यांचं बरोबरच होतं, तरी मला त्यांचा राग यायचा. कार्टूनचं गाणं वाजलं की ते स्वयंपाकघरात जायचे, नळ पूर्ण सोडायचे आणि भांडी घासायचे. घासलेलीसुद्धा. ताईचे फोनमधले व्हिडिओही त्यांनी कुठेतरी ठेवून दिलेत. मागायची माझी हिंमत झाली नाही. मला आपली कोंबडी पुरत होती.

पण पोर काही विचारेना. उलट अलीकडे ती मधेच चुळबुळ करायला लागली. "शेजारची म्हणते, हे बाळांचं असतं." हिने न विचारताच बघणं सोडलं तर? मग ताई तिला कधी भेटणार?

गेल्या सोमवारी आम्ही नेहमीचा भाग लावला. पिल्लू चिखलातून आलं. "थांब हं! पाय पुसलेस ना?" आवाज गोड, कोवळा, भलत्याच कुणाचा. मी मागचा भाग लावला, त्याच्याही मागचा लावला. सगळीकडे तीच. पुढचे भाग काढायचे म्हणून कार्टूनवाल्यांनी पहिल्यापासून सगळंच नव्या बाईकडून करून घेतलं होतं. त्या बिचारीचा काय दोष! पण माझ्या हातून रिमोट पडला. ताई दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी मला कुणी कळवलंही नव्हतं. पोरीसमोर रडायचं नाही हे इतके दिवस पाळलं होतं. त्या दिवशी ढसाढसा रडले.

भाचीने आधी रिमोट उचलून त्यातल्या बॅटऱ्या नीट बसवल्या. मग कार्टून बंद केलं.

"रडू नको ना, माऊ. हिला येतच नाहीये. थांब, मी दाखवते."

ती सोफ्यावर उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर. "थांब! पाय पुसलेस?" मग माझ्यावर खेकसली, "अगं, पुसले म्हण ना!"

"पुसले," मी म्हणाले.

"खोटं!" आणि तिने धाप टाकली. तीच, मधेच तुटलेली, नाकातून सुटलेली. "मला ठसे दिसतायत."

आतला नळ बंद झाला.

भाची माझ्याशेजारी बसली. तिच्या कपाळावर आठी होती. "पण माऊ, आधीची कुठे गेली?"

या प्रश्नाचं उत्तर मी कधीचं तयार करून ठेवलं होतं. तरी मी दाराकडे बघितलं. भावोजी तिथे उभे होते, कोपरापर्यंत साबण तसाच. ते आले आणि आमच्या दोघींच्या मधे, ओल्या हातांनीच, सोफ्यावर टेकले.

"मी सांगतो," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "पण आधी एकदा परत म्हण, बाळा. मला नीट ऐकू आलं नाही. नळ चालू होता."