धपाट्यांचा डबा

परभणीच्या त्या होस्टेलात कुणाचाही घरचा डबा आला की तो खोलीत मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी त्यावर तुटून पडायचं, असा रिवाज होता. सुकेशनीचा डबा मात्र भरलेलाच राही. राणीसावरगावहून आईनं पाठवलेले ज्वारीचे धपाटे ती मधे ठेवायची, तेव्हा कुणाचा उपवास निघे, कुणाचं पोट बिघडे. पोटंही मोठी हुशार, शेजारच्या कॉटवरच्या धनश्रीचा डबा उघडला की लगेच बरी होत.

सुकेशनी काही दूधखुळी नव्हती. कॉटच्या वर तिनं बाबासाहेबांचा फोटो लावला, त्या दिवसापासून हे सुरू झालं होतं. 'कोट्यातली' हा शब्दही पाठीमागून कानावर आला होता. खरं तर तिची सीट ओपनमधली. पण निघताना वडील, रंगनाथ गुरुजी, म्हणाले होते, "मार्काचा तोरा मिरवू नको. माणसं आपोआप जवळ येतेत." बिचारे गुरुजी! जन्मभर शाळेत शिकवूनही भोळेच राहिले.

एकटीनं खाऊन खाऊन तिला घास गोड लागेनासा झाला होता. त्या रविवारी पुन्हा डबा आला आणि धनश्री म्हणाली, "नको गं, मला ॲसिडिटी हाय."

सुकेशनीचं डोकं सणकलं. "माझी सीट ओपनमधली हाय. तुझ्यापेक्षा मार्क जास्त हायेत मला."

मग धनश्री हसत तिच्या कॉटवर येऊन बसली. "अगं, आधीच सांगायचं ना! आमाला वाटलं, तू तशी." तिनं धपाटा उचलला. बाकीच्याही आल्या. लय भारी झालेत, असं म्हणत त्यांनी बघता बघता डब्याचा तळ गाठला.

हेच तर तिला हवं होतं. मग रडू का येत होतं? गुरुजींना डी.एड.ची सीट राखीव कोट्यातून मिळाली होती. त्या सीटमुळेच नोकरी लागली, घर झालं, ती इथवर आली. म्हणजे तिचे पप्पा 'तसे', आणि हे तिनं ऐकून घेतलं होतं. तिनं डब्यात हातच घातला नाही.

संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. "खाल्ले का गं पोरींनी?"

"सगळे संपले, पप्पा."

"बघ! मी म्हणलो नव्हतो? येतेत माणसं जवळ." त्यांचा आवाज आनंदानं फुलला होता. "अन् तू खाल्ले का न्हाई?"

रिकाम्या डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "खाल्ले की. पोटभर."