भोक पडलेला फवारणी पंप

मित्रांनो, पाठीवर टाकी आणि हातात नळी घेतलेली माणसं तुम्ही शेतात पाहिली असतील. त्यांच्या पाठीवर बसतो तो मी, फवारणीचा एक जुना पंप. रंगानं निळा आणि मनानं फार भित्रा. जन्मापासून मात्र मी असा नव्हतो.

आर्णीच्या दुकानात मी छताला टांगलेला होतो. बळीरामनं माझा दांडा वरखाली करून पाहिला, झाकणाचे आटे फिरवले आणि मोटरसायकलच्या मागे बांधून मला गावी नेलं. काम झालं की तो मला खळबळून धूत असे, खुंटीला उलटा टांगत असे. तांड्यावरचा हरिसिंग मला मागायला यायचा. "बळीरामभाऊ, तुमच्या पंपासारखी धार कोनाचीच नाही," म्हणायचा. ते ऐकून मी फुगून जायचो. माझ्या पोटात काय भरतात याचा विचार मी कधी केला नाही. सगळे त्याला औषध म्हणत. औषधानं माणूस बरा होतो, एवढंच मला ठाऊक होतं.

मग ते वर्ष आलं. बोंडाबोंडात अळी शिरली. कपाशी एवढी माजली की बळीराम ओळीत शिरला की दिसेनासा व्हायचा. फवारा वर मारावा लागे आणि वर मारलेला त्याच्याच तोंडावर उतरे. नाकाला बांधायला नुसता रुमाल. एका दुपारी तो मध्येच थांबला.

"नलू," त्यानं बायकोला हाक मारली, "मले दिसून नाही राह्यलं वं."

आणि मी पाठीवर असतानाच तो तोंडघशी पडला. माझं झाकण निसटलं. पोटातलं सगळं त्याच्या मानेवरून वाहू लागलं. मित्रांनो, मला ते थांबवता आलं नाही. नलूनं धावत येऊन विळ्यानं पट्टे कापले, तेव्हा कुठे मी त्याच्या अंगावरून उतरलो.

बळीराम वाचला, पण दवाखान्यातून परतला तो अधू डोळ्यांनी. त्यानंतर मला कोणी धुतलं नाही. नलूनं काठीनं ढकलत नेऊन मला गोठ्यामागे टाकलं. तळाशी उरलेलं औषध सुकून त्याचा पिवळट थर बसला. हुंगायला एखादी शेळी जवळ आली तरी माझा थरकाप उडायचा. मी माझ्याच पोटाला भिऊ लागलो.

त्यांचा मुलगा संघदीप विद्यापीठात शिल्पकला शिकत होता. त्या हिवाळ्यात यवतमाळला विद्यार्थ्यांच्या कलाकृतींचं प्रदर्शन भरणार होतं. तो मला न्यायला आला.

"ते कायले नेतं?" नलू कडाडली. "त्यानं तुह्या बापाचे डोये खाल्ले!"

"म्हणूनच नेतो, मा. लोकायले दिसलं पाह्यजे."

 बळीराम भिंतीला टेकून ऐकत उभा राहिला. संघदीपनं हातमोजे चढवून मला उचललं, पट्टे जोडले, पण मला धुतलं नाही. माझ्या अंगावरचे डाग त्याला जसेच्या तसे हवे होते.

सभागृहात काय नव्हतं! भिंतीभर चित्रं, बांबूच्या खुर्च्या, हातानं छापलेली कापडं, मुलींनी स्वतः बेतलेले पोशाख. संघदीपनं प्लास्टरचा एक वाकलेला माणूस घडवला होता. त्याच्या पाठीवर मला चढवलं आणि पट्टे ताणले जावेत, खांदे ओढल्यासारखे दिसावेत म्हणून माझ्यात पाणी भरलं. तळाचा थर हळूहळू विरघळू लागला. मला ते कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. 'हात लावू नये' ही पाटी रंगवून व्हायची होती.

शेजारी उर्वशी नावाची त्याची वर्गमैत्रीण लोकांसमोर ओल्या मातीचा चेहरा घडवत बसली होती. माती सुकत चालली आणि पाणी शिंपडायची तिची बाटली ऐनवेळी अडकली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि माझी नळी उचलली.

नको गं, नको! नोझलमध्ये जुना कचरा होता. तो अडकावा म्हणून मी सारा जीव एकवटला. पण तिनं दांडा मारला, पुन्हा मारला, आणि बारीक फवारा भुरभुरत मातीवर, तिच्या हातांवर, तिच्या तोंडावर पसरला. ती उघड्या हातांनी माती मळू लागली. मनगटानंच तिनं डोळ्यांवरचा घाम पुसला.

त्याच वेळी संघदीप आईवडिलांना घेऊन आत येत होता. दांड्याचा आवाज कानी पडताच बळीराम दारातच थिजला.

"पंप कोन मारून राह्यलं?"

बापाचा चेहरा पाहून संघदीप वळला आणि धावला. "उर्वशी, सोड ते! सोड!"

"अरे, पाणीच तर आहे," ती हसली. पुढच्याच क्षणी तिला ठसका लागला. संघदीपनं तिला ओढत नळाखाली नेलं. नलूनं साबण लावून तिचे हात, मान, तोंड धुतलं. तिला ओकारी झाली. "मला धुरकट दिसतंय," ती रडत म्हणाली.

बळीराम भिंत चाचपत आला. वाटेत मी होतो. माझा पट्टा बोटांना लागताच त्यानं हात झटकन मागे घेतला, तरी तो मला ओलांडून पुढे गेला आणि तिच्याजवळ खाली बसला.

"घाबरू नको, माय. डोये चोळू नको, पानी मारत राह्य. मी बी लय भेलो होतो. पन पाह्य, बसलो आहो ना तुह्यासमोर."

तिला दवाखान्यात नेलं. सगळे गेले. रिकाम्या सभागृहात मी त्या प्लास्टरच्या माणसाच्या पाठीवर उरलो. पुन्हा एकदा माझ्याचमुळे! ती आंधळी झाली तर? उठलीच नाही तर? मला रडता आलं असतं तरी रडलो नसतो, मित्रांनो. माझ्या डोळ्यांतून काय गळलं असतं कोण जाणे.

वेळेवर धुतलं म्हणून उर्वशी बचावली, तिचे डोळेही.

दुसऱ्या दिवशी संघदीप बापाला घेऊन आला. सगळ्यांना लांब उभं करून त्यानं मला उतरवलं.

"बाबा, माही चूक झाली," तो म्हणाला. "याचं काय करू?"

"त्याच्या बुडाले भोक पाड," बळीराम म्हणाला. "पानी ठरलंच नाही पाह्यजे."

भोक पाडायच्या यंत्राचं टोक माझ्या तळाला टेकलं. माझा सारा डौल त्या भोकातून गळून गेला, आणि त्याच्याबरोबर कितीतरी दिवसांची धास्तीही.

आता मी संघदीपच्या विद्यापीठात, कुलूप लावलेल्या काचेआड उभा आहे. मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा पंप, औषधाची एखादी बाटली पडली असेल, तर रिकामी दिसते म्हणून तिला रिकामी समजू नका. तिच्यात पाणी भरू नका, तेल भरू नका, खेळायला घेऊ नका. मोठ्यांना सांगून ती कुलपात ठेवा. आम्हाला ओरडता येत नाही हो. आमच्या वाटचं तुम्हीच ओरडा.