सडा घातलेला गोठा

तपासणीला आलेल्या योगिताने सरस्वतीबाईच्या पदराला खांद्यापाशी एक छोटी डबी अडकवली आणि कमरेला बांधलेला पंप सुरू केला. पंप घुरघुरू लागला. हवेतली धूळ आता त्या डबीत जमणार होती.

"काकू, रोजच्यासारखं झाडा."

सरस्वतीबाई झाडू लागली. पण झाडायला होतं काय? बीडहून तपासणीवाली बाई येणार म्हणून तिने सकाळीच शेळ्यांच्या गोठ्यात भरपूर सडा घातला होता. ओल्या जमिनीवरून धूळ कुठली उडायला! दाराला टेकलेला तिचा नवरा, रामहरी, मिशीवरून हात फिरवत उभा होता.

ती जमीन त्याचीच करामत. लिंबागणेश गावाच्या बाजूला एक जुनं गोदाम पाडलं, तेव्हा छपराच्या सिमेंट पत्र्यांचे तुकडे त्याने फुकटात उचलून आणले होते. घणाने कुटून, मातीत कालवून त्याने अशी जमीन चोपली की पावसाळ्यात एकाही शेळीचा खूर सडला नाही. आल्यागेल्याला तो ती कौतुकाने दाखवायचा. त्या पत्र्यांत केसाहून बारीक तंतू असतात, ते छातीत जाऊन बसतात, असं योगिता मघाशी सांगत होती आणि नेमका तेव्हाच सरस्वतीबाईला खोकला आला. गेली दोन वर्षं येतो तसाच. रामहरीला मान वर करवेना.

"रोज सडा घालता?" योगिताने विचारलं.

"घालते की."

नवऱ्याकडे न बघता ती झाडत राहिली.

पाणी टँकरचं. शेळ्यांना पाजता पाजताच दोघांच्या नाकी नऊ येत, तिथे सडा कुठला! ती कुणासाठी खोटं बोलली हे रामहरीला कळलं. यंत्रात काही निघालं नाही म्हणजे आपण सुटलो, असं क्षणभर त्यालाही वाटून गेलं होतं. त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

त्याने पुढे होऊन तिच्या हातातला खराटा घेतला.

"ताई, ते यंत्र मला लावा. ही रोज कोरडंच झाडती. त्या कोपऱ्यात पाणी पोचलं न्हाई, तिथं झाडतो."

"अवो, का म्हून?" सरस्वतीबाई हळूच म्हणाली.

योगिताने नवी डबी त्याच्या सदऱ्याला लावली आणि हातात मास्क दिला. तो बांधून रामहरी वाकला. जन्मात त्याने गोठा झाडला नव्हता. झाडायच्या वेळी तो शेळ्या घेऊन माळावर असायचा. खराट्याचे दोन हात मारले तोच दारातून आलेल्या उन्हात धूळ उठली. पांढरी, पिठासारखी, आणि काही केल्या खाली बसेना.

तो थबकला.

"एवढी उडती?"

सरस्वतीबाई उंबऱ्यात पदर नाकाशी धरून उभी होती.

"तुमी लई हळू झाडताय," ती म्हणाली. "मी जोरात झाडते."