अंगणातली राजमुद्रा

वळ गावच्या सावळारामची शेती बेताची होती, घमेंड मात्र खंडीभर. त्या घमेंडीचं मूळ अंगणात तुळशीशेजारी रोवलेलं होतं. एक काळा दगड, अर्धा जमिनीत, अर्धा वर. वरच्या भागावर मुकुट कोरलेला, मुकुटाखाली ढाल, ढालीखाली कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. सावळाराम सांगे की मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा आपला खापरपणजा सगळ्यांच्या आधी तटावर चढला, आणि सरदाराने खूश होऊन फिरंग्यांची ही राजमुद्रा त्याला बक्षीस दिली. सांगताना त्याला धाप लागे, जणू तट चढून आत्ताच खाली उतरलाय.

त्याची बायको आनंदीबाई लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी हा दगड धूत होती. दगड धुतल्याशिवाय चूल पेटवायची नाही, असा घरचा नियम. दसऱ्याला त्याला शेंदूर आणि झेंडूची माळ. ती तापाने फणफणली तेव्हा नवऱ्याने कधी तिच्या कपाळाला हात लावला नव्हता, पण दगडाला ऊन लागतं म्हणून वर छप्पर घालायचा विचार त्याने बोलून दाखवला होता. ती तोंडाने कधी काही बोलली नाही. मनात मात्र नवरा आणि दगड यांत तिला दगडच बरा वाटे, कारण तो निदान गप्प असे.

अशात त्यांच्या मुलीसाठी, तुळजासाठी, कामतघरचं स्थळ आलं. मुलाचा बाप हिरामण त्यांच्याच जातीतला. दुष्काळाच्या साली शेती सोडून तो भिवंडीला कापडाच्या लूमवर लागला आणि तिथेच राहिला. मुलगा दौलतही लूमवरच, शांत आणि कामसू. तुळजाने त्याला एका हळदीत पाहिलं होतं, आणि तेव्हापासून पोरगी भात कांडताना स्वतःशीच हसायची. आनंदीबाईने मनाशी पक्कं केलं की पोर याच घरात जाईल, आणि तिथे ती सकाळी उठून आधी चहा पिईल.

सावळारामने हिरामणच्या तोंडावरच सांगितलं, "गड घेणाऱ्यांच्या घरची पोर तुटल्या धाग्यांना गाठी मारणाऱ्याला कशी देऊ?"

हिरामण रागावला नाही. त्याने बशीतला चहा संपवला. "दादा, तुमचा गड मी पाह्यला न्हाय कदी. दाखवा की एकदा. शुक्रवारी लूम बंद असतात, मना छुट्टी हाय. एस्टीने सीधा वसईला जाव."

सावळारामचा चेहरा पडला. कारण गड त्यानेही पाहिला नव्हता, त्याच्या बापानेही नाही. एका एस्टीच्या अंतरावर असलेला किल्ला या घराण्याने पिढ्यानपिढ्या ओटीवर बसूनच जिंकला होता. पण आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

शुक्रवारी तिघं निघाली. भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून घेतलेली आनंदीबाई मागच्या बाकावर बसली. वाटेतल्या कामणच्या वळणावळणांनी सावळारामला मळमळलं आणि तट चढणाऱ्याच्या खापरपणतूने खिडकीबाहेर मान काढली. तिने तोंडाला पदर लावला. हसू आवरत नव्हतं.

किल्ला म्हणजे डोंगरावरचा गड असेल असं तिला वाटलं होतं. हा तर सपाटीवर, खाडीच्या काठी. जाड तटाच्या आत अख्खं एक गाव मरून पडलेलं. रस्ते होते, पण जाणारं कुणी नव्हतं. घरं होती, पण छपरं नव्हती. सावळाराम मालकासारखा पुढे चालत होता. उंच कमानीकडे बोट दाखवून म्हणाला, "हा दरबार." दरबारातून एका बकरीने बाहेर पाहिलं. पुढे एक वेल चढलेली भिंत आली. "हितूनच आमचा खापरपणजा चढला."

हिरामणने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. "पन दादा, ही तर आतली भिंत. आत आल्यावर मानूस परत हिच्यावर कशाला चढंल?"

"लढाईत असं इचारायचं नसतं," सावळाराम म्हणाला.

ऊन तापलं तशी तिघं फिरंग्यांच्या एका पडक्या देवळात शिरली. छप्पर कधीच गेलेलं, पण उंच भिंतींची सावली होती. आनंदीबाईने भाकरी सोडायला वाळकी पानं बाजूला सारली, तर खाली फरशीवर मुकुट. मुकुटाखाली ढाल. ढालीखाली तसलीच अक्षरं.

सावळाराम हर्षाने ओरडलाच. "बग हिरामण, आमचीच मुद्रा. पटली का आता?"

आनंदीबाई पानं सारतच गेली. रोज हात फिरवून तिला वरचा अर्धा भाग पाठ होता, पण इथे दगड आडवा होता आणि पुरा उघडा होता. अक्षरांच्या खाली माणसाची कवटी कोरलेली होती. कवटीखाली दोन हाडं, एकावर एक तिरपी. शेजारच्या दगडावर तेच. त्याच्या शेजारीही तेच. भिंतीपर्यंत रांग गेलेली.

हिरामणने चपला काढल्या आणि बाजूला झाला. "वयनी, भाकर हितं नका सोडू," तो हळूच म्हणाला. "ही थडगी हायत."

सावळारामने वाकून कवटी पाहिली. मग म्हणाला, "आमच्या दगडावर डोस्का न्हाय."

"आपला अर्धा मातीत हाय," आनंदीबाई म्हणाली.

परतीच्या एस्टीत आनंदीबाई नवऱ्याकडे पाहत होती. तिला वाटलं, माणूस आता तरी खाली उतरेल. पण भिवंडी स्टँडवर उतरल्यावर सावळारामने धोतर झटकलं आणि पुन्हा छाती काढली. "हिरामण, जमायचं न्हाय आपलं. घराणं बगाया लागतं." हिरामणने हात जोडले आणि कामतघरची वाट धरली. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत आनंदीबाई पाहत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला नवऱ्याची मनापासून किळस आली.

सकाळी तिने दगड धुतला नाही. चूल पेटवली, चहा केला, तुळजाला दिला, स्वतः प्यायली. मग पडवीतली पहार घेऊन अंगणात आली आणि दगडाच्या बुडाशी खणायला लागली.

"काय करतंस गो?" सावळाराम ओटीवरून धावला.

"खाली काय हाय ते बगते."

"याड लागलं का? लोकं पानी भराया निघालीत."

"निघूंदे. त्यांनाबी बगूंदे आपलं घराणं."

माती भुसभुशीत होती. शेवटच्या अक्षराखाली एक गोल कड दिसायला लागली. इतक्यात कुंपणाशी हंडा घेऊन शेजारची ठकुबाई थांबली. गावात बातमी पोचवायला दवंडीची गरज नव्हती, ठकुबाई होती.

"सकाली सकाली काय खनतंस गो आनंदी?"

पहार उचललेली ठेवून आनंदीबाई फक्त नवऱ्याकडे पाहत राहिली. सावळारामने त्या गोल कडेकडे पाहिलं, मग ठकुबाईकडे.

"मांडव घालायचाय," तो म्हणाला. "मेढीसाठी खड्डा खनते ती. तुळजाचं लगीन हाय."

"अगो बाय. नवरा कुठला?"

"कामतघरचा. हिरामणचा दौलत."

"आज जाताव ना सांगायला?" आनंदीबाईने विचारलं.

"जातो."

ठकुबाई घाईघाईने विहिरीकडे गेली, तेव्हाच आनंदीबाईने पहार खाली ठेवली. पायाने माती पुन्हा आत लोटली आणि हाताने हळूच दाबून बसवली. खाली कुण्या परक्या माणसाची कवटी होती. या घराण्यात तिच्या पोरीसाठी काही केलं असेल तर ते त्यानेच.