दादाचा पाहुणचार

निघण्याआधी तिने दादाला फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "तिकडे डेंग्यू पसरलाय म्हणतात. येऊ ना नक्की?"

दादा हसला. "अगं, इथला समुद्राचा वारा माणसाला उभं राहू देत नाही, डास कुठले टिकतात! ये बिनधास्त."

दादाचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. नवऱ्याला घेऊन ती त्याच्या बेटावरच्या लॉजमध्ये जाऊन उतरली. खोली झकास होती, पण खिडकीला जाळी नव्हती. मागे करवंट्यांत, जुन्या टायरांत पाणी साचलेलं. भरदिवसा डास पाय फोडून काढत होते.

"चिलटं आहेत गं ती," दादा म्हणाला. भाचरं कुठे दिसेनात, तेव्हा वहिनी म्हणाली, "आजोळी गेलीत, सुट्टीला."

आठवडा सरत आला आणि नवरा तापाने फणफणला. दादाने ते उन्हावर ढकललं. पण हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तशी ती कुणाला न विचारता त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथे व्हरांड्यातसुद्धा खाटा, खाटेगणिक मच्छरदाणी.

"डेंग्यूच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशी फार उतरल्यात. एवढी साथ चालू आहे, लॉजवाल्याने सांगितलं नाही?"

लॉजवाला आपला सख्खा भाऊ, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार?

वहिनी डबा घेऊन आली तेव्हा तिने विचारलं, "वहिनी, पोरांना खरंच सुट्टी आहे?"

वहिनीने डबा खाली ठेवला. "धाकटीला हाच ताप आला होता. बरी झाली, तसं ह्यांनी दोघांनाही माझ्या आईकडे धाडलं."

"आणि मला बोलावलं?"

"बुकिंग रद्द होत होती. सख्खी बहीणच राहायला आलीय म्हटलं की लोकांची भीती जाईल, असं म्हणाले."

परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून ती मोकळी झाली असती. इथे शिवीही सुचेना.

नवरा वाचला. पेशी वाढल्या, त्याने स्वतःहून भात मागितला. मग दादा फळं घेऊन आला.

"एवढं होईल असं वाटलं नव्हतं गं. आपल्या माणसांनी इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"आपली माणसं तू आधीच हलवलीस, दादा," ती म्हणाली.

परतताना धक्क्यावर एक जोडपं तान्ह्या मुलीला घेऊन बोटीतून उतरत होतं. दादा त्यांची बॅग घ्यायला पुढे झाला. ती मध्ये उभी राहिली.

"साथ आहे इथे. माझा नवरा मरता मरता वाचलाय. लेकराला घेऊन याच बोटीने परत फिरा."

बाईने मूल छातीशी धरलं आणि ती तशीच मागे वळली. दादाचा हात बॅगेवरच राहिला.

"सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस?" तो म्हणाला.

ती नवऱ्याला आधार देत बोटीत चढली आणि त्याला सावलीतली जागा बघून दिली.