गोठ्यातली होडी

"आज तिचे तुकडे करतो म्हणजे करतोच!" कुऱ्हाडीला धार लावत काका म्हणाले.

"हात तर लावून बघा," शेणाची पाटी खाली आदळत काकू म्हणाली.

भांडण होडीवरून होतं. सासऱ्यांच्या वेळची होडी गोठ्यात पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्यांनी संसार थाटला होता. काकांना तिथं कडबा रचायचा होता. काकूचं वांग्याचं शेत नदीपलीकडे. पुलावरून वळसा घालून जाता-येता तिचे गुडघे बोलायला लागले होते. यंदा होडी दुरुस्त झाली नाही, तर ते रान पडीक टाकावं लागणार होतं.

शेवटी सुतारमामांना बोलावलं. पंचक्रोशीतल्या होड्या त्यांच्याच हातच्या. ते म्हणतील ते खरं, असं नवराबायकोचं ठरलं.

मामांनी पटाशी घेऊन नाकाकडची फळी टोकरली. भुसा भुरूभुरू गळला.

"संपलं हो हिचं. आत नुसता भुगा."

काका खुलले. काकूचा चेहरा पडला. ती चहा टाकायला आत गेली आणि चुलीपुढच्या झरोक्यातून सहज तिचं लक्ष बाहेर गेलं. काका गुरांना पाणी दाखवायला वळले होते. मामा एकटेच होते. मघाशी तोंड वाकडं करणारा हा माणूस होडीच्या पाठीवरून असा हात फिरवत होता, जसा काही तान्ह्या वासराला गोंजारतोय. फळीत नख रुतवून बघितलं, रुतलं नाही, तर स्वारी गालात हसली.

चहाचा घोट घेत मामा म्हणाले, "तुम्हाला कशाला ताप? मीच बैलगाडी आणून उचलून नेतो. फुकट."

काकूच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस खुंटी ठोकायचेही पैसे मोजून घेणारा!

"छे, तुमच्या बैलांना कशाला त्रास?" ती गोड आवाजात म्हणाली. "भुगाच आहे ना? चुलीत जाईल. अहो, आणा ती कुऱ्हाड!"

काका तर वाटच बघत होते. त्यांनी धोतर खोचलं, हातावर थुंकले आणि कुऱ्हाड डोक्यावर उचलली.

"अहो थांबा!" मामा कपबशी टाकून होडीवर पालथे पडले. "सागवान आहे हो अस्सल! आणखी वीस पावसाळे काढील!"

"आणि भुगा?" काकूनं विचारलं.

"दोन फळ्यांचा आहे. बाकी ठणठणीत."

"मग त्या दोन बदला. आणि पहिल्या फेरीला तुम्हीच बसायचं माझ्याबरोबर."

मामांनी मान खाली घातली. पण काम मात्र जीव ओतून केलं. फळ्या बदलल्या, फटीत कापूस ठासला, वरून डांबर फिरवलं. कोंबड्या रागावून माळ्यावर गेल्या.

होडी पाण्यात लोटली तेव्हा अर्धं गाव काठावर जमलं होतं. काकूनं पदर खोचून वल्हं धरलं. मामा मधोमध अंग चोरून बसले. नदीच्या मध्यावर तळाशी पाणी झिरपायला लागलं.

"फुगेल लाकूड, बुजतील फटी," म्हणत मामा डब्यानं पाणी उपसू लागले.

काकूनं मुद्दाम वल्हं थांबवलं. "आता खरं सांगा. नेऊन काय करणार होता हिचं?"

मामांनी डब्यातलं पाणी नदीत ओतलं.

"ठेवणार होतो," ते पुटपुटले. "जन्मभर दुसऱ्यांच्या होड्या केल्या, काकू. स्वतःची एक नाही झाली."

एवढा लबाड माणूस, पण काकूला राग काही धरवेना. तिनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि वल्हं पुढे केलं.

"घ्या. वल्हवा आज पोटभर."

मामांनी वल्हं छातीशी धरलं, डोळे पुसले आणि सगळा जोर लावून पाण्यात मारलं. होडी गर्रकन वळली. पुन्हा मारलं, पुन्हा वळली.

"मामा, तुम्हाला वल्हवता येत नाही?"

"कधी कुणी बसवलंय का मला!"

काठावर हशा उसळला. काका ओरडले, "अगं, जाताय की येताय?"

"ते मामांना विचारा!" काकू पाणी उपसता उपसता हसून लोटपोट झाली होती. मामा मात्र ताठ बसून वल्हं मारत होते, आणि होडी नदीच्या मधोमध मजेत गोल गोल फिरत होती.